फोंतेन्हासमधल्या घराच्या शिंपल्यांच्या खिडक्या वाचवायच्या आहेत

प्रश्न (मळ्याची लेक): पणजीत फोंतेन्हासमध्ये मावशीचं जुनं घर आहे, सांत सेबास्तियांवच्या कपेलापासून (छोट्या चर्चपासून) चार पावलांवर. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, आणि खिडक्यांना काचेऐवजी चौकोनी शिंपले. सकाळी आत दुधाळ उजेड पडतो, तो मला फार प्रिय आहे. या पावसात सात शिंपले फुटले. मिस्त्री म्हणतो, काच बसवा आणि ओलसर भिंतीला सिमेंट मारा. काय करू?

उत्तर (चुनेवाला): ताई, सिमेंट अजिबात नको! चिरा पाणी ओढतो. चुन्याच्या गिलाव्यातून ती ओल बाहेर पडते, सिमेंटखाली अडकते आणि गिलावा फुगून सुटतो. आधी कौलं आणि पन्हळ तपासा. कळीचा चुना नीट मुरवून वापरा. वरूनही चुन्याचाच रंग द्या, प्लास्टिक पेंट नको.

उत्तर (सुतारकाम): काच लावलीत तर तो उजेड गेलाच. शिंपले लाकडी पट्ट्यांच्या खाचेत सरकवलेले असतात, पट्टी हळूच काढली की एकेक बदलता येतो. पाडलेल्या घरांच्या जुन्या झडपा मिळतात का बघा. हा भाग संरक्षित आहे, दर्शनी बाजूला हात लावण्याआधी परवानगी घ्या.

मळ्याची लेक: मिस्त्रीला थांबवलं. फुटलेले तुकडेही जपून ठेवलेत.