‘कॅप्टन मार्व्हल’ हे नाव खरे कोणाचे?

धागाकर्ता

‘व्हिझ कॉमिक्स’च्या दुसऱ्या अंकाचे (फेब्रुवारी १९४०) मुखपृष्ठ डोळ्यांसमोर आणावे: लाल पोशाख, छातीवर पिवळी वीज, आणि अख्खी मोटार उचलून भिंतीवर आदळणारा वीर. लेखक बिल पार्कर आणि चित्रकार सी. सी. बेक यांच्या कॅप्टन मार्व्हलचे हे पहिले दर्शन होते. चाळिशीच्या दशकात काही काळ त्याचा खप सुपरमॅनपेक्षाही अधिक होता. सुपरमॅनच्या प्रकाशकांनी नक्कल केल्याचा दावा लावला, तो अनेक वर्षे चालला, आणि अखेर १९५३ मध्ये तडजोड करून फॉसेट या प्रकाशनसंस्थेने हे पात्र बंद केले. १९६७ मध्ये मार्व्हल कंपनीने त्याच नावाचा, पण सर्वस्वी निराळा, परग्रहावरून आलेला नायक काढला. पुढे डीसीने, म्हणजे सुपरमॅनच्याच प्रकाशकांनी, मूळ पात्राचे हक्क मिळवले, तरी नाव मार्व्हलकडे गेल्यामुळे १९७३ मध्ये मासिकाला ‘शॅझॅम!’ असे नाव द्यावे लागले. सुरुवातीच्या अंकांवर ‘मूळ कॅप्टन मार्व्हल’ ही ओळ तरी होती. नंतर तीही गेली. त्या पहिल्या अंकांची चित्रे स्वतः बेक यांनीच काढली होती. ज्या हाताने पात्र घडवले, त्याच हाताच्या चित्रावर पात्राचे नाव ठळकपणे छापता येऊ नये, हा मला अन्याय वाटतो.

प्रतिसाद १

आपली तळमळ समजते, परंतु येथे दोन निराळे हक्क एकत्र झाले आहेत. कथा आणि चित्र यांना प्रताधिकाराचे (कॉपीराइटचे) संरक्षण मिळते, केवळ नावाला नाही. मुखपृष्ठावरचे नाव व्यापारचिन्ह (ट्रेडमार्क) ठरते आणि ते वापरात असेल तोवरच टिकते. तेरा-चौदा वर्षे ते नाव कोणी फारसे वापरत नव्हते. (१९६६ मध्ये आणखी एका लहान प्रकाशकाने या नावाचा नायक आणला होता, तो फार टिकला नाही.) न वापरलेले नाव कायमचे राखून ठेवता आले असते, तर नव्या निर्मात्यांची वाट अडली असती. हे नाव जपण्यासाठी मार्व्हलला नवनवी पात्रे घडवावी लागली, त्यातूनच १९८२ मध्ये मोनिका रॅम्बो ही कृष्णवर्णीय स्त्री कॅप्टन मार्व्हल झाली आणि २०१२ मध्ये कॅरल डॅनव्हर्सने ते नाव धारण केले. त्यांच्या वाचकांना हे नाव उसने वाटत नाही.

धागाकर्ता

‘वापरात नव्हते’ हे खरे आहे, पण ते का नव्हते? बेक यांनी पात्र टाकून दिले नव्हते. खटल्याचा बोजा आणि उतरलेला खप यांमुळे प्रकाशकाने हात आखडता घेतला आणि त्याची किंमत निर्मात्याने मोजली. सोडून दिलेले आणि सोडायला लावलेले यांत कायदा फरक करत नसेल, तर वाचकांनी तरी करावा. मोनिका किंवा कॅरल यांच्याविषयी माझी तक्रार नाही. त्यांच्या कथा दुसऱ्या नावानेही तितक्याच सकस ठरल्या असत्या.

प्रतिसाद २

एकच नाव दोघांचे असू शकते, हे ‘डेनिस द मेनेस’ने दाखवले आहे. मार्च १९५१ मध्ये अमेरिकेत हँक केचम यांचा सोनेरी केसांचा निरागस खोडकर मुलगा आला आणि त्याच सुमारास ब्रिटनच्या ‘बीनो’ या मुलांच्या चित्रकथा-साप्ताहिकामध्ये काळ्या राठ केसांचा, खरोखरच उपद्रवी डेनिस अवतरला. कोणी कोणाचे उचलले नव्हते, आणि दोन्ही मुले दशकानुदशके आपापल्या वाचकांत नांदली. मग नावासाठी एवढा आटापिटा का?

प्रतिसाद १

तेथे बाजारपेठा निराळ्या होत्या. एकाच दुकानातल्या एकाच फळीवर दोन ‘कॅप्टन मार्व्हल’ ठेवले, तर खिशातले पैसे मोजून देणारे मूल चुकीचे मासिक घरी नेईल. व्यापारचिन्हाचा नियम मुळात त्या ग्राहकासाठी आहे.

प्रतिसाद ३

मला नावापेक्षा श्रेयाचा प्रश्न मोठा वाटतो. बॅटमॅनला आकार देण्यात लेखक बिल फिंगर यांचा मोठा वाटा होता, तरी निर्माता म्हणून अनेक दशके फक्त चित्रकार बॉब केन यांचेच नाव छापले जात असे. फिंगर १९७४ मध्ये वारले. त्यांचे नाव अधिकृत श्रेयात आले ते २०१५ मध्ये. तेथे पात्राचे नाव शाबूत होते, निर्मात्याचेच पुसले गेले होते.

धागाकर्ता

हा मुद्दा मान्य आहे, आणि त्यामुळे माझी मागणी मी आटोपशीर करतो. मासिकाचे शीर्षक मार्व्हलकडेच राहू द्यावे. पण पार्कर आणि बेक यांच्या कथांच्या पुनर्मुद्रणावर, लहान अक्षरांत का होईना, ‘मूळ कॅप्टन मार्व्हल’ असे छापण्याची मोकळीक असावी.

प्रतिसाद १

आतल्या पानांवर ते नाव तेव्हाही छापले जातच होते. मुखपृष्ठावरच्या लहान अक्षरांनाही माझा विरोध राहील, कारण फळीवरून मासिक उचलणारे मूल मुखपृष्ठ पाहूनच उचलते.