मदत हवी आहे : लंगफिशचं पिल्लू गोळ्या थुंकतंय

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे दक्षिण अमेरिकन लंगफिशचं, म्हणजे लेपिडोसायरनचं पिल्लू आहे. जेमतेम वीतभर, काळ्या अंगावर पिवळे ठिपके, बाहेरचे कल्ले गळून गेलेले. तीन फुटी टाकी, तळाला बारीक वाळू, लपायला पीव्हीसी पाइप, तापमान २७ अंशांच्या आसपास. हा मासा फुप्फुसांनी श्वास घेतो, वर येता आलं नाही तर चक्क बुडून मरतो. म्हणून पाणी आणि झाकण यांच्यात मोकळी जागा ठेवली आहे. (लाइट जाऊन हवेचा पंप बंद पडला की इतर टाक्यांची काळजी लागते, याची नाही!)

अडचण खाण्याची. गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या) आणि गांडुळाचे तुकडे आवडीने खातो, पण माशांच्या खाद्याच्या बुडणाऱ्या गोळ्या चावून थुंकतो. घास चावून बाहेर काढायचा आणि पुन्हा आत ओढायचा, ही लंगफिशची पद्धतच आहे हे ठाऊक आहे. पण गोळी पुन्हा आत जातच नाही. कोणी गोळ्यांची सवय लावली आहे का? उपाशी ठेवून की कोळंबीच्या रसात भिजवून? या वयात रोज द्यायचं की एक दिवसाआड?

दुसरं, हा सव्वा मीटरपर्यंत वाढू शकतो. मोठी टाकी घ्यायचीच आहे, पण सध्याची किती लांबीपर्यंत पुरेल?

सोबतीला दुसरा मासा सोडणार नाही, हा चावे घेतो म्हणून. आणि चिखलात सुकवून झोपवण्याचे सल्ले कृपया नकोत. दलदल आटल्यावर तो नाइलाजाने तसं करतो, टाकीत त्याची काय गरज?

प्रत्यक्ष पाळलेल्यांनी सांगितलं तर बरं होईल.