मदत हवी आहे: मिडियम फॉरमॅट कॅमेऱ्यासाठी बॅग (जरा घाई आहे)

अर्धा_उजेड

मंडळी, मिडियम फॉरमॅटचं सामान न्यायला बॅग हवी आहे. दहा दिवस शोधतोय आणि आता डोकं आउट झालंय. ऑनलाइन दिसणाऱ्या सगळ्या बॅगा डीएसएलआरसाठी, फोटो चकाचक पण आतून खोली किती ते कोणी लिहीत नाही. दोन मागवल्या, दोन्ही परत केल्या, एकीत कॅमेरा बसला पण चेन लागेना आणि दुसरीत चेन लागली तर फिल्म ठेवायला जागा नाही. वारीला न्यायचंय, पुढच्याच आठवड्यात निघायचंय. कोणती घेऊ ते सरळ नाव सांगा. प्लीज.

घाटमाथा

कॅमेरा कुठला ते लिहिलंच नाहीत. मिडियम फॉरमॅट म्हणजे १२० नंबरची रुंद फिल्म एवढंच कळतं. यशिका मॅट पण मिडियम फॉरमॅट, ती किलोभराची, डब्याच्या पिशवीत जाते. हॅसलब्लाड ५०० सी/एम लेन्स आणि बॅक (मागे लावायचा फिल्मचा डबा) धरून दीड किलो. मामिया आरबी असेल तर गोष्टच वेगळी. लेन्स किती, ट्रायपॉड आहे का, बजेट किती, सॅक हवी की खांद्यावरची?

सुलूकाकू

आणि वारी कोणती? माउलींची की तुकोबांची? पूर्ण पंढरपूरपर्यंत चालणार की एखादा टप्पा?

अर्धा_उजेड

सॉरी, घाईत राहिलं. मामिया आरबी६७ प्रो-एस, मामांच्या स्टुडिओतला, स्टुडिओ बंद झाल्यावर माझ्याकडे आला. ९० आणि १८० एमएम अशा दोन लेन्स, दोन बॅक, लाइटमीटर, पंधरा-वीस रोल. बजेट सहा हजार, अगदी आवडलीच तर आठ. माउलींची पालखी, पुण्यातून सासवडपर्यंत चालणार, म्हणजे दिवे घाट धरून. बाकी काय लागतं सांगायला?

कॅनव्हास_आणि_मी

डोमके एफ-२, खांद्यावरची कापडी बॅग. विषय संपला. जिम डोमके स्वतः वृत्तपत्राचा फोटोग्राफर होता, १९७०च्या दशकात स्वतःला हवी तशी बॅग त्याने बनवून घेतली, तीच पुढे जगभर गेली. कापड मऊ असल्यामुळे बॅग अंगाला चिकटून राहते, गर्दीत कुणाला लागत नाही आणि फ्लॅप उचलला की हात थेट लेन्सवर. सॅक घेतली तर प्रत्येक रोल बदलायला पाठीवरून उतरवा, खाली ठेवा, चेन उघडा. आरबीत एका रोलला दहाच फ्रेम मिळतात हे लक्षात घ्या. म्हणजे दर दहा फोटोंनी हा सोहळा. मी सोळा वर्षं माझी वापरतोय, एक टाका उसवला नाही.

घाटमाथा

डोमके चांगली बॅग आहे, वाद नाही. पण आरबी ९० लेन्स आणि बॅकसकट पावणेतीन किलोच्या घरात जातो. त्यात १८० किलोभराची, दुसरी बॅक, मीटर, रोल, पाणी धरलं की सहा किलोच्या पुढे गेलाच समजा. पुणे-सासवड तीसेक किलोमीटर आणि शेवटी घाट. एवढं वजन एका खांद्यावर? मी एकदा राजगडावर पाच किलोची झोळी खांद्याला लावून गेलो होतो, दुसऱ्या दिवशी उजवा हात डोक्यावर जाईना, शर्ट बायकोने चढवला. सॅकच घ्या आणि कमरपट्टा असलेली घ्या. वजन कमरेवर आलं पाहिजे, खांदे फक्त तोल सांभाळायला.

कॅनव्हास_आणि_मी

राजगड आणि वारी एक आहे का? गडावर मागे माणूस नसतो. दिंडीत तुमच्या मागे चार बोटांवर दुसरा माणूस असतो, तुम्ही वळलात की सॅक त्याच्या तोंडावर. त्याचा विचार कोण करणार?

पेटीबंद

पेलिकन १५१०, चाकांची कडक पेटी. पाणी नाही, धूळ नाही, वर उभं राहून फोटो काढता येतात. आयुष्यात एकदाच खर्च करायचा.

घाटमाथा

@पेटीबंद, ती फोमसकट रिकामीच सहा किलोच्या आसपास आहे हो. आणि चाकं चिखलात काय कामाची? बजेटही वाचा जरा.

मेगापिक्सेल

मी वेगळा सल्ला देतो. आरबी विकून फुजीचा डिजिटल जीएफएक्स घ्या. जीएफएक्स१००एसची बॉडी ९०० ग्रॅम, सेन्सर ४४ x ३३ मिमी, कुठल्याही साध्या बॅगेत बसते, बॅगेचा प्रश्नच मिटला. फिल्मचा खर्च वाचेल तो वेगळा.

अर्धा_उजेड

@मेगापिक्सेल दादा, तुमचा हेतू चांगला आहे पण मी कॅमेरा विचारलेला नाही, बॅग विचारली आहे. मामांनी याच कॅमेऱ्यावर चाळीस वर्षं लग्नं काढली, गावातल्या निम्म्या घरांच्या भिंतींवरचे फोटो यातले आहेत. याने एकदा तरी माउलींची पालखी बघावी असं त्यांचं फार होतं, हंगामामुळे कधी जमलं नाही. म्हणून हाच न्यायचाय. पाच दिवस राहिलेत, कृपा करून बॅगेवर बोलूया.

सुलूकाकू

बाळा, आता नीट कळलं. हे आधी लिहायचंस.

मी नऊ वेळा चालले आहे, फोटोतलं मला काही कळत नाही पण वाटेचं सांगते. हडपसरला दोन्ही पालख्या वेगळ्या होतात, तुकोबांची लोणी काळभोरकडे वळते, गर्दीच्या ओघात भलतीकडे जाऊ नकोस. एखाद्या दिंडीबरोबर चाल. दिंडीचा ट्रक असतो, सगळ्यांच्या वळकट्या, भांडी त्यातच जातात. कपडे, पांघरूण, जेवणाचं काहीही तुझ्या बॅगेत नको, ते ट्रकवर. बॅगेत फक्त कॅमेरा. वाटेत पाणी, चहा, केळी देणारे पावलोपावली भेटतात, दोन लिटरची बाटली कशाला वाहतोस?

आणि रस्त्यावर बॅग ठेवून उघडायची नाही. चिखल तर असतोच, पण मागून टाळ घेऊन येणारा माणूस नामात असतो, त्याचं खाली लक्ष नसतं. कडेला हो, कुणाच्या तरी ओट्यावर किंवा झाडाच्या पारावर टेक, मग काय ते उघड.

निगेटिव्ह_काका

सुलूताईंनी निम्मा प्रश्न सोडवला. उरलेला निम्मा मी बघतो, आरबी माझ्याकडे एकवीस वर्षं आहे.

तुम्ही कॅमेरा बॅगेत कसा ठेवत होता? माझी खात्री आहे, लेन्स खाली आणि बॅक वर, डीएसएलआर ठेवतात तसा. तसा ठेवला तर बॅगेला आतून साधारण २३ सेमी खोली लागते आणि पाठीवरच्या बहुतेक कॅमेरा सॅक एवढ्या खोल नसतात. म्हणून चेन लागत नाही. आरबी लांब आहे, उंच आहे, पण रुंदीला साडेदहा सेमीच आहे, फोकसच्या नॉबचं थोडं धरा. त्याला कुशीवर झोपवा. मग १२-१३ सेमी खोलीतही बसतो आणि बाजूला दुसरी लेन्स उभी राहते. नॉबच्या बाजूला फोमचा तुकडा लावा, नाहीतर सगळा भार नॉबवर येतो.

म्हणजे कॅमेऱ्याची बॅग शोधूच नका. साधी ट्रेकिंगची चाळीसेक लिटरची सॅक घ्या, समोरून पूर्ण उघडणारी आणि कमरपट्टा असलेली. आत टाकायला कप्पे असलेला फोमचा इनसर्ट वेगळा मिळतो. तोही नको असेल तर योगा मॅट कापा. मी तेच केलंय, दोन थर, कडा कॅनव्हासने शिवून घेतल्या चांभाराकडून. सगळं मिळून साडेतीन हजारात झालं होतं.

कॅनव्हास_आणि_मी

योगा मॅट! दीड लाखाची लेन्स योगा मॅटमध्ये?

निगेटिव्ह_काका

आरबीची ९० लेन्स दीड लाखाची नाही साहेब. आणि फोमला आपली किंमत ठाऊक नसते, जाडी पुरेशी असली की धक्का खातो.

गुलमोहर_कोथरूड

मला यशिका मॅटसाठी हवी आहे, तर तीच सॅक चालेल का? आणि रोल धुवायला पुण्यात कुठे देता?

घाटमाथा

वेगळा धागा काढा ना, इथे आधीच गोंधळ आहे.

पावसाचं कोणीच बोललं नाही. सॅकबरोबर रेन कव्हर मिळतं त्याच्यावर विसंबू नका. कव्हर बाहेरून झाकतं, पण पाठ आणि सॅक यांच्यामधून मानेवरचं पाणी उतरतं ते थेट पाठीच्या पॅनेलमध्ये मुरतं, वरून घामही असतोच. हरिश्चंद्रगडावर माझं कव्हर घट्ट होतं आणि आतलं टी-शर्ट पिळून काढलं.

पेटीबंद

म्हणूनच पेटी म्हटलं.

निगेटिव्ह_काका

पेटी नको, पिशवी पुरे. जाड प्लास्टिकची मोठी पिशवी सॅकच्या *आत* घाला, खताच्या गोणीत आत असते ना तशी, आणि इनसर्ट त्या पिशवीत. तोंड पिळून खाली दुमडायचं. वर कितीही पाऊस पडो. मात्र रात्री मुक्कामाला पोचलात की सगळं बाहेर काढून वारा लागू द्या, दिवसभराची ओल आत कोंडून ठेवायची नाही.

आता रोलचं सांगतो, हे फार महत्त्वाचं. ३५ एमएमला डबी असते, १२० ला नसते. मागे नुसता कागद आणि शेवटी गोंदाची पट्टी. संपलेला रोल भिजल्या बोटांनी गुंडाळला की सैल पडतो, कडेने उजेड शिरतो आणि निगेटिव्हच्या काठावर धुरकट पट्टे उमटतात. माझे आळंदीचे दोन रोल असेच गेले, इंद्रायणीच्या घाटावरची एक म्हातारी होती त्यात, अजून आठवते. तेव्हापासून छातीवर लहान पाउच लावतो, त्यात एक कोरडा पंचा, रबर बँड आणि झाकणाचे दोन डबे, एकात कोरे रोल, एकात झालेले. हात आधी पुसायचे, गोंदाची पट्टी चाटून घट्ट लावायची, वर रबर बँड, डब्यात टाकायचा. यासाठी सॅक उघडायचीच नाही. दुसरी बॅक आहेच तुमच्याकडे, निघतानाच दोन्ही भरून ठेवा, म्हणजे वीस फ्रेमपर्यंत कुठे टेकायची गरज नाही.

कॅनव्हास_आणि_मी

म्हणजे खांद्यावरच्या बॅगेचं काम तुम्ही छातीवर आणलंत. तेच तर मी म्हणत होतो.

निगेटिव्ह_काका

बरोबर आहे तुमचं, हाताशी हवं हे मान्य. फक्त वजन कमरेवर राहू द्या.

घाटमाथा

कॅमेरा गळ्यात लटकवणार असाल तर पट्ट्याच्या क्लिपा बघून घ्या. मामियाच्या खुंट्यांना त्यांच्याच क्लिपा लागतात, जुन्या झाल्या की ढिल्या होतात. आणि बॅगेत ठेवताना डार्क स्लाइड (फिल्मसमोर सरकवायची पातळ पट्टी) आत असू द्या, मग चुकून शटर पडत नाही.

डॉक्टर_बुरशी

परत आल्यावर कॅमेरा त्याच बॅगेत ठेवून देऊ नका!! फोम ओल धरतो. माझ्या तीन लेन्सना बुरशी लागली ती पावसाळ्यात बॅगेतच ठेवल्यामुळे, काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर राहिली की धोका सुरू. घट्ट झाकणाचा धान्याचा डबा घ्या, त्यात सिलिका जेल आणि शंभर-दोनशेचा आर्द्रता मोजायचा काटा, ४५ ते ५० मध्ये ठेवा. सिलिका जेल निळ्याचं गुलाबी झालं की मंद आचेवर तापवून घ्यायचं.

मेगापिक्सेल

डिजिटललाही बुरशी लागते, तेवढं मात्र खरं.

अर्धा_उजेड

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, काल दिवसभर हेच केलं. काकांनी सांगितलं तसा कॅमेरा कुशीवर झोपवून पट्टीने मोजला, नॉब धरून १२ सेमी. दहा दिवस मी तो उभाच घालत होतो! घरातच भावाची जुनी ट्रेकिंगची सॅक निघाली, समोरून उघडणारी, कमरपट्टा शाबूत. बॅग घेतलीच नाही. योगा मॅट आईची होती, तिने एका अटीवर दिली की नवी आणून द्यायची. चांभाराने कडा शिवल्या, दीडशे घेतले.

सगळं भरून वजनकाट्यावर उभा राहिलो, सॅक सहा किलो चारशे. १८० बाहेर काढली तर पाच चारशे. आज पहाटे दोन्ही लेन्स घालून पर्वती चढलो-उतरलो चार वेळा. तिसऱ्या फेरीनंतर डाव्या खांद्यावर पट्टा रुतायला लागला, कमरपट्टा हाडाच्या वर बांधला होता, खाली घेतल्यावर बरं वाटलं. वाटेत एकदा मुद्दाम पंच्याने हात पुसून रोल बदलून पाहिला, चार मिनिटं लागली, पावसात सहा धरतो.

आता एकच अडलंय. १८० नेऊ की ठेवू? घाटाच्या वळणावरून खालची दिंडी काढायची तर ती लागेल असं वाटतं, पण एक किलो आहे.

घाटमाथा

ठेवा घरी. ९० पुरे, माणसांच्या जवळ जा.

कॅनव्हास_आणि_मी

न्या हो. घाटात वरून खाली बघताना दिसणारी भगव्या पताकांची ओळ ९० मध्ये मुंगीएवढी येईल.

सुलूकाकू

आमच्या दिंडीच्या ट्रकवर ठेव ती लेन्स, वडकी नाल्यावर दुपारच्या विसाव्याला काढून घे आणि तिथून पुढे घाटापुरती वागव. चालकाच्या शेजारी कापडात गुंडाळून ठेवायला सांगते. मला व्यक्तिगत निरोप कर, दिंडीचा क्रमांक देते.

अर्धा_उजेड

काकू, निरोप केलाय.

गुलमोहर_कोथरूड

रोल धुवायचं कोणी सांगेल का? मी नवीन धागा काढलाय, तिथे सांगा.