वाचनालय चालू होतं म्हणता, मग दाराला कुलूप कशाचं होतं?

अनगोळची वाचक

काल कार्यकारिणीतल्या एकांनी आपल्या बेळगावच्या मराठी वाचनालयाच्या गटावर लिहिलं : ‘महामारीचे दोन उन्हाळे गेले, पण आपलं वाचनालय एक दिवसही थांबलं नाही. व्याख्यानमाला ऑनलाइन झाली, बालशिबिर ऑनलाइन झालं, काव्यवाचन झालं.’ खाली सगळ्यांचे नमस्काराचे हात. मी रात्री काही बोलले नाही, पण झोपही लागली नाही. म्हणून आता लिहिते.

थांबलं नाही म्हणता, मग यंदा, २०२१च्या एप्रिलपासून दाराला कुलूप कशाचं होतं? वाचनालय म्हणजे पुस्तक घरी नेणं आणि परत आणून दुसरं नेणं. ते दोन महिने झालं नाही. बाकी जे झालं ते चांगलं झालं असेल, पण त्याला वाचनालय चालू होतं असं म्हणू नका.

आमचे अप्पा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. आठवड्याला दोन पुस्तकं ठरलेली. एका कादंबरीचा पहिला भाग त्यांनी एप्रिलात आणला आणि पाच दिवसांत संपवला. दुसऱ्या भागासाठी मी तीनदा फोन केला. दर वेळी ‘आदेश आल्यावर बघू’. सकाळी सहा ते दहा भाजी मिळत होती, दूध मिळत होतं, पेपरवाला रोज दारात पेपर टाकून जात होता. पेपर चालतो आणि पुस्तक चालत नाही, हे कुठलं शास्त्र? अप्पांनी तीन जुने दिवाळी अंक पुन्हा पुन्हा वाचले. जाहिरातीसुद्धा वाचल्या. मे महिन्यात अप्पा गेले. तो पहिला भाग अजून खिडकीत आहे. आतल्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का २७ एप्रिलचा. त्याच रात्रीपासून राज्यभर कर्फ्यू लागला.

कार्यकारिणीतला एक

ताई, अप्पांचं ऐकून वाईट वाटलं. ते माझ्याही ओळखीचे होते, वाचनकक्षात खिडकीजवळच्या खुर्चीवर बसायचे.

पण तुम्ही लिहिलंय ते एकतर्फी आहे. कर्फ्यूच्या सवलतीत वाचनालय नव्हतं. दार उघडलं असतं तर गुन्हा आमच्यावर दाखल झाला असता. १० मेनंतर तर भाजीला गाडी घेऊन गेलेल्यांच्या गाड्या जप्त होत होत्या. आमच्याकडे माणूस एकच, ग्रंथपाल. त्यांच्या घरात साखरेची आजारी आई. त्यांना पिशवी घेऊन दारोदार फिरा म्हणायचं कुणी? पुस्तकांचं म्हणाल तर गेल्या वर्षी पहिल्या लाटेतच अभ्यास आला होता : पुठ्ठ्यावर विषाणू २४ तास टिकतो, प्लॅस्टिकवर ७२ तासांपर्यंत. आपल्या प्रत्येक पुस्तकाला प्लॅस्टिकचं कव्हर आहे. तुम्हीच चढवायला आला होता मागे.

आम्ही सगळे बिनपगारी आहोत. व्याख्यानमालेसाठी एका वक्त्याला चार-चार फोन केले, मोबाइल कसा धरायचा इथपासून शिकवलं. त्याची किंमत शून्य करू नका.

शहापूरचा, सध्या पुणे

मी ऑनलाइनच्या बाजूने. बावीस वर्षं झाली गाव सोडून. व्याख्यानमालेच्या दिवसांत कधी सुट्टी मिळाली नाही. यंदा पहिल्यांदा सगळी व्याख्यानं ऐकली.

आई एकटी शहापुरात. मला यायचं तर सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआरचा कागद हवा, तो मिळेपर्यंत शिनोळीकडून सोडतात का याची चौकशी, मग इकडून ई-पास. दोन महिने जमलं नाही. रोज संध्याकाळी साडेसहाला ती तिच्या मोबाइलवर आणि मी माझ्या मोबाइलवर एकच व्याख्यान ऐकायचो. संपलं की तिचा फोन यायचा, ‘आजचे कसे वाटले?’ तेवढ्या बोलण्यावर आमचा दिवस जायचा. पुस्तक पोचवलं असतं तर हे झालं नसतं.

तालुक्यातला शेतकरी

पुण्याच्या दादांचं खरं असंल. पण आमच्या गावात काय झालं ते पण ऐका की.

घरात मोबाइल एक, पोरं तीन. तो मोबाइल दिवसभर माझ्याजवळ शेतात, कारण धूळवाफ पेरणीचे दिवस, ट्रॅक्टरवाल्याचा फोन कधी येतंय सांगता येत नाही. बालशिबिराची लिंक आली. धाकटी माळवदावर चढून बसली, कारण रेंज तिथंच. अकरा वाजताचं ऊन मे महिन्यातलं. डोकीवर टॉवेल घेऊन बसली होती. अर्ध्या तासात आवाज तुटायला लागला, पोरगी रडत खाली आली. दुसऱ्या दिवशी मी तिला वर पाठवली नाही.

आमच्या पंचायतीच्या वाचनालयात पोरांना फुकट कार्ड मिळालंय. ओदुव बेळकु म्हणून योजना, गेल्या १४ नोव्हेंबरला सुरू झाली. योजना चांगली. पण कपाटात मराठी पुस्तकं मोजून एक खण. बाकी कन्नड. पोरं तोच खण किती वेळा वाचणार?

हिंडलगा रोड

एक खण तरी आहे म्हणून समाधान माना. आपल्या स्वतःच्या वाचनालयात काय चाललंय? यंदाच्या बालशिबिरात एक दिवस कन्नड गोष्टींचा होता. हे मला कुणी विचारलं नाही, नातवाने सांगितलं म्हणून कळलं.

१९८६च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनात मी हिंडलग्याला होतो. गोळीबार डोळ्यांनी बघितलाय. १९४६ साली याच बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. या गावात मराठी वाचनालय कशासाठी काढलं जातं हे कार्यकारिणीला ठाऊक नसेल तर त्यांनी पायउतार व्हावं. सरकारी शाळेत कन्नड, पाटीवर कन्नड, दूरदर्शनच्या चंदना वाहिनीवर धडे कन्नडमध्ये, कार्यालयात कन्नड. एक जागा आपली होती, तिथेही तुम्हीच दार उघडून दिलं.

वडगावची आई

काका, तुमचा मान राखून सांगते. तो कन्नड गोष्टींचा दिवस ठेवा असं मीच सुचवलं होतं. कार्यकारिणीला बोल लावू नका.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या मिस्टरांचा ऑक्सिजन एक्क्याऐंशीवर आला. रात्रीचे दोन. बेडसाठी मेसेज आला तो कन्नडमध्ये. मला बोलता येतं, बाजारापुरतं. वाचता येत नाही. मिस्टरांना येतं, पण त्यांना शुद्धच नव्हती. मोठी मुलगी यंदा दहावीला, मराठी माध्यमात. तिनं तो मेसेज अक्षर अक्षर लावून वाचला : कुठल्या मजल्यावर, कुठले कागद, किती वाजेपर्यंत. वाचताना तिचं बोट स्क्रीनवर फिरत होतं आणि मी तिच्या बोटाकडे बघत होते. मिस्टर आज घरी आहेत. तिला कन्नड शिकवल्याबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही.

हिंडलगा रोड

मिस्टर बरे झाले याचा आनंद आहे. पण तुम्ही सांगताय तो माझाच मुद्दा आहे. जिथे भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून जास्त आहेत तिथे परिपत्रकं त्यांच्या भाषेतही द्यायची, हे ठरलेलं आहे. बेळगाव तालुक्यात आपण किती आहोत हे सांगायला नको. तो मेसेज मराठीत यायला हवा होता. पोरीनं कन्नड शिकावं हा त्यावरचा उपाय नव्हे. मराठीत मेसेज न देणाऱ्यांना जाब विचारणं हा उपाय आहे. आपण शिकून घेतो, म्हणून ते देत नाहीत.

वडगावची आई

जाब दिवसा विचारायचा असतो काका. रात्री दोन वाजता नाही.

निवृत्त मास्तर, खडक गल्ली

भाषेवरून भांडताय तर मला एक विचारू द्या. कार्यकारिणीतल्या किती जणांची नातवंडं मराठी शाळेत जातात? मी छत्तीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं. पहिलीच्या वर्गात माझ्यासमोर बेचाळीस पोरं होती, निवृत्त झालो तेव्हा नऊ. कन्नडनं नेली नाहीत ती. इंग्रजीनं नेली, आणि आपण स्वतः हाताला धरून नेऊन सोडली. एक नोव्हेंबरला, कर्नाटकच्या स्थापनादिनी, काळी फीत लावायची आणि दोन नोव्हेंबरला कॉन्व्हेंटची फी भरायची. वाचनालयात बालविभागाकडे कुणी फिरकत नाही, त्याला ना महामारी कारण आहे ना कर्नाटक.

कार्यकारिणीतला एक

सर, माझी नात इंग्रजी माध्यमात आहे. लपवत नाही. निर्णय मुलाचा-सुनेचा. तुम्ही मला चौथीत शिकवलंय, म्हणून जास्त बोलत नाही. पण तीच नात बालशिबिरात रोज बसली आणि आता मराठी जोडाक्षरं वाचते. तिच्यासाठी ते शिबिर झालं नसतं तर तिला मराठी कुणी दिलं असतं? आणि ज्यांना ऑनलाइन नको होतं त्यांनी तेव्हा येऊन काय केलं? दर बैठकीत आम्ही पाचजणच. घरात बसून हिशेब मागायचा आणि

अनगोळची वाचक

वाक्य पूर्ण करा. घरात बसून मी काय करत होते ते वर लिहिलंय. अप्पांच्या उशाशी बसून होते.

कार्यकारिणीतला एक

चुकलं माझं. ते वाक्य तुमच्यासाठी नव्हतं, पण तुम्हालाच लागलं. शब्द मागे घेतो.

अनगोळची वाचक

ठीक. पण धागा पुस्तकांचा होता, तो कुठल्या कुठे गेला. कन्नड, इंग्रजी, शाळा, सगळं महत्त्वाचं, पण त्यात माझा प्रश्न बुडाला. पुन्हा विचारते. ७२ तास म्हणता ना? मग परत आलेली पुस्तकं चार दिवस आंब्याच्या पेटीत बाजूला ठेवायची, पाचव्या दिवशी द्यायची. आत कुणाला घ्यायचं नाही, पायरीवरून द्यायची. फोनवर नाव सांगायचं. परवानगीसाठी एक अर्ज तरी केलात का? नकार आला असता तर मी आज बोलले नसते. घरपट्टीवर ग्रंथालय उपकर आपण १९६५च्या कायद्यापासून भरतो आहोत. वाचनालय ही गरज आहे असं सरकार पैसे घेताना मानतं. मग भाजी-दुधाच्या यादीत पुस्तक बसवा असं एकदा मागून तरी बघायचं.

कार्यकारिणीतला एक

अर्ज केला नाही. हे खरं. सुचलंच नाही. त्या दिवसांत रोज कुणाची ना कुणाची बातमी यायची. आणि उपकराचं म्हणाल तर आपल्या जमाखर्चात त्यातला एक रुपया येत नाही, आपण वर्गणीवर चालतो.

वडगावची आई

ताई, तुमचा राग मला पटतो. तरी एक गोष्ट इथे कुणीच लिहिली नाही, म्हणून लिहिते. कार्यकारिणीलाही बहुतेक माहीत नसेल.

अठरा वर्षांवरच्या लसीची नोंदणी २८ एप्रिलला सुरू झाली. कोविन तेव्हा सगळं इंग्रजीत, मराठी आणि कन्नड जूनमध्ये आलं. आपले ग्रंथपाल रोज सकाळी भाजीच्या वेळेत वाचनालयाच्या पायरीवर बसायचे, मास्क लावून, मांडीवर देवघेवीची जुनी वही. येणाऱ्याचं आधार बघून मोबाइलवर नोंदणी करायचे आणि वहीत नाव, तारीख, केंद्र लिहून द्यायचे. आमच्या गल्लीतल्या चौदा म्हाताऱ्या माणसांची नोंदणी त्यांनी केली. सरकारी सूचना कन्नडमधून मराठीत लिहून कुलपाच्या वर चिकटवायचे. खळ संपली तर भाताच्या शिताने. ते कागद अजून तिथे आहेत, जाऊन बघा.

हिंडलगा रोड

हे मला ठाऊक नव्हतं. माझी नोंदणी कुणी केली असं बायकोला आत्ता विचारलं. त्यांनीच.

तरी कन्नड गोष्टींचा दिवस शिबिरात नको, हे माझं मत कायम. शिकवायचं तर वेगळा वर्ग काढा, मराठी शिबिराचा दिवस खर्ची घालू नका. आणि ते सूचना मराठीत लिहिण्याचं काम सरकारचं होतं, हेही लिहून ठेवा.

अनगोळची वाचक

मलाही ठाऊक नव्हतं. मी फोन करत होते तो माणूस पायरीवर बसून लोकांची नावं घालत होता, हे त्यानं फोनवर सांगितलं असतं तर मी एवढं कडक लिहिलं नसतं. त्यांच्याबद्दलचा राग मागे घेते. कार्यकारिणीबद्दलचा नाही. पायरीवर वही घेऊन बसता येतं, तर पुस्तक घेऊनही बसता आलं असतं. ते दार तुम्ही त्यांना उघडू दिलं नाही.

पुण्याच्या दादांच्या आईचं वाचून मन भरून आलं. व्याख्यानं ऑनलाइन ठेवा, माझी हरकत नाही. फक्त त्यासोबत पुस्तकंही गेली पाहिजेत. तिसरी लाट येणार म्हणतात. आजच ठरवा.

कार्यकारिणीतला एक

मान्य. सगळं नाही, पण एवढं मान्य : पुन्हा कर्फ्यू लागला तर पहिल्या दिवशी अर्ज द्यायचा, आणि पायरीवरून देवघेव. बैठकीत मांडतो. गावांसाठी बालविभागातली पन्नास-साठ पुस्तकं खोक्यात भरून पाठवायची आणि महिन्याने बदलायची, असंही मनात आहे. मास्तर, पुस्तकं निवडायला तुम्ही या. शिव्या दिल्या तरी चालतील.

आणि ताई, तो दुसरा भाग रजिस्टरात बघितला. मार्चमध्ये एकांनी नेलाय, अजून आला नाही. म्हणजे दार उघडं असतं तरी तेव्हा मिळाला नसता. हे वाद जिंकायला सांगत नाही. तुमच्या मनात राहू नये म्हणून सांगतो.

अनगोळची वाचक

बरं झालं सांगितलंत.

शनिवारी दहाला पहिला भाग परत करायला येते. दंड किती होतो ते काढून ठेवा.

कार्यकारिणीतला एक

कर्फ्यूच्या काळातला दंड सगळ्यांना माफ केलाय.

अनगोळची वाचक

माफ नको. पावती फाडा, अप्पांच्या नावानं. त्यांनी कधी दंड चुकवला नव्हता.

तालुक्यातला शेतकरी

त्या खोक्याचं कधी ते सांगा की. मी गुरुवारी भाजी घेऊन मार्केटला येतंय, परत जाताना टेम्पो रिकामाच असतंय.