धडधड सतत जाणवते: शरीर जास्त संवेदनशील झाले आहे काय?

प्रश्न (डिचोली):
गेल्या पावसाळ्यापासून मला छातीतली धडधड सतत जाणवते. चोडणहून रायबंदरला फेरीबोटीने जाताना इंजिनाची थरथर पायांतून वर चढते आणि ती इंजिनाची की माझ्या हृदयाची, हेच कळेनासे होते. मग मनगटावर अंगठा दाबून पलीकडच्या काठावरचा धक्का येईपर्यंत मी ठोके मोजत राहते. ईसीजी, टूडी इको, थायरॉईड सारे ठीक असून डॉक्टरांनी चिंताविकार सांगितला आहे. मला शरीरातले इतरांपेक्षा जास्त कळू लागले आहे काय?

उत्तर (फोंडा, समुपदेशक):
ताई, तपासण्या आधी करून घेतल्यात हे योग्यच झाले. शरीराच्या आतल्या संवेदना ओळखण्याची क्षमता तपासण्यासाठी मानसशास्त्रज्ञ राइनर शांड्री यांनी १९८१ मध्ये मांडलेली चाचणी आजही वापरतात: नाडीला हात न लावता ठरावीक वेळातले ठोके मनात मोजायचे आणि यंत्रावरील नोंदीशी ताडून पाहायचे. चिंताग्रस्त व्यक्तीचे लक्ष शरीराकडे अधिक असते, परंतु म्हणून तिची मोजणी अधिक अचूक निघतेच असे नाही. खरा प्रश्न त्या संवेदनेला आपण कोणता अर्थ लावतो याचा आहे. पॅनिक विकाराविषयी (अचानक तीव्र भीतीचे झटके येणे) मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये हेच मांडले: धडधड म्हणजे हृदयविकाराचा झटका, असे मनाने घेतले की भीती वाढते, भीतीने ॲड्रेनलिन वाढते, त्याने ठोके आणखी जलद होतात आणि मूळ शंकाच खरी वाटू लागते. शिवाय अंगठ्याने नाडी पाहू नये. अंगठ्यातही स्वतःचे ठोके जाणवतात.

उत्तर (काणकोण):
मी यातून गेलो आहे. उपचारात तीच धडधड मुद्दाम आणण्यासाठी माझ्याकडून जिना धावत चढवून घेतला, खुर्चीवर गरगर फिरवले, आडसराच्या (शहाळ्याच्या) बारीक नळीतून श्वास घ्यायला लावला. पहिल्या वेळी छाती फुटेल असे वाटले, परंतु काही न करता स्वस्थ बसून राहिलो तेव्हा धडधड आपोआप शांत झाली, आणि हे मला कोणी सांगून पटले नसते. दमा, हृदयविकार किंवा गरोदरपण असल्यास मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत दाखवता येईल. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांकही विनाशुल्क आहे.

प्रश्नकर्ती:
मनःपूर्वक आभार. बोटीत धडधड सुरू झाली, तर लक्ष दुसरीकडे वळवावे काय?

उत्तर (फोंडा, समुपदेशक):
वळवू नका. ती जाणवू द्या, फक्त मोजू नका; दोन्ही हात बोटीच्या कठड्यावर ठेवा.