मदत हवी आहे: जहाजाच्या मॉडेलवर नाळेच्या (पुढच्या टोकाच्या) वळणावर सागवानी पट्ट्या तडकतात

'एचएमएस ट्रिंकोमाली'चं १:६४ मॉडेल करतोय. १८१७ साली मुंबईत वाडियांनी सागवानात बांधलेली ही फ्रिगेट (शिडाची युद्धनौका) आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाहता येते, म्हणून मीही सागवानच घेतलं. ते बदलायचं जिवावर येतं. सांगाडा प्लायचा, चौकटी वळणाप्रमाणे घासल्यात. दीड मिमी जाड, ५ मिमी रुंद पट्ट्या मध्यभागी सुरेख बसल्या. नाळेकडे मात्र उभ्या रेषेत चिरतात. तासभर गरम पाण्यात भिजवल्या, इस्त्रीने वाकवल्या, टोकं निमुळती केली, तरी तेच. वाफेची पेटी नाही.

आतला थर दुसऱ्या लाकडाचा करून वर सागाचं अर्धा मिमी व्हिनिअर लावलं तर टिकेल का? आणि त्या आतल्या थरासाठी पुण्यात सहज मिळणारं, वाकणारं लाकूड कोणतं?