चहाच्या मळ्यात मूळकूज: नुसत्या ट्रायकोडर्मा या मित्रबुरशीवर भागेल का?

नमस्कार मंडळी. मी साताऱ्याचा, सध्या तमिळनाडूत कुन्नूरजवळ एका चहामळ्यात नोकरीला. एका उतारावर झुडपं मरायला लागलीत. आधी एक, मग त्याला लागून दोन, आता नऊ. झुडूप अख्खं वाळतं, पण पानं गळत नाहीत. तपकिरी होऊन तशीच लटकून राहतात. काल एक उपटून कोयत्याने मुळाची साल काढली. आत लाकडावर पांढरे, पंख्यासारखे पसरलेले पट्टे आणि बाहेर कोळशासारख्या खपल्या. ही उस्टुलिना बुरशीच, म्हणजे चारकोल स्टंप रॉट हा मूळकुजीचा रोग.

मधोमध सिल्व्हर ओक या सावलीच्या झाडाचा जुना बुंधा आहे. ते झाड तोडण्याआधी बुंध्याची साल गोल काढून वाळवलं नव्हतं. मुळांतला स्टार्च तसाच राहिला आणि बुरशीला आयतं घर मिळालं.

वरिष्ठ म्हणतात, बुरशीनाशक ओता. पण उताराखाली कामगारांच्या वस्तीची विहीर आहे, माझं मन होत नाही. गावी आल्याच्या कंदकुजीवर शेणखतात मुरवलेल्या ट्रायकोडर्माचा गुण मी पाहिलाय. पण इथलं मूळ मनगटाएवढं जाड. आतपर्यंत पोचेल का ते? शिवाय पावसाळ्यात ब्लिस्टर ब्लाइट या पानांवर फोड आणणाऱ्या रोगासाठी तांबेयुक्त बुरशीनाशकाची फवारणी चुकत नाही. तिच्याने ट्रायकोडर्मा मरेल का? कृपया अनुभव सांगा.

उत्तर:
दादा, लाकडात शिरलेल्या उस्टुलिनापर्यंत ट्रायकोडर्मा पोचत नाही. ते मातीत काम करतं: दुसऱ्या बुरशीला विळखा घालतं, कायटिनेज हे विकर सोडून तिची पेशीभित्तिका विरघळवतं. म्हणून आधी बुंधा आणि नऊ झुडपं पेन्सिलएवढ्या जाडीपर्यंतच्या मुळांसकट काढून तिथेच जाळा. लगतची हिरवी दिसणारी ओळही काढा, रोग मुळामुळांतून तिथवर गेलेला असतो. भोवती चार फूट खोल चर घ्या, माती आतल्या बाजूला टाका. आत ग्वाटेमाला गवत लावून दीड-दोन वर्षं थांबा. ट्रायकोडर्मा चराबाहेरच्या झुडपांना आणि पुढे नव्या लागवडीच्या खड्ड्यांत द्या. शेणखतात मिसळून 10-15 दिवस सावलीत ओलसर ठेवा, मग मुळाशी मातीआड करा. चहाची 4.5 ते 5.5 सामूची (pH) आम्ल माती त्याला मानवते. तांब्याचं द्रावण मात्र त्यात मिसळू नका आणि मुळाशी ओतू नका.

धागाकर्ता:
मनापासून आभार. लगतची ओळ म्हणजे आणखी चौदा झुडपं, आणि सगळ्यांना लुसलुशीत फूट आलीय. उद्या त्यांतल्या दोघांची मुळं उकरून साल खरवडतो. पांढरं दिसलं तर वरिष्ठांना तिथेच बोलावून दाखवीन.